राजीनामा दिलाय, ३८ पीएल (भरपगारी रजा) शिल्लक, एचआर म्हणतो १५ दिवसांचेच पैसे मिळतील

लोटे_बी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आहे, सहा वर्षं पूर्ण झाली, आता रत्नागिरीला दुसरीकडे जमलंय म्हणून राजीनामा टाकला. नोटीस चालू आहे, या महिन्याच्या ३१ ला शेवटचा दिवस. सॅलरी स्लिपवर खाली कोपऱ्यात पीएल बॅलन्स ३८ दिसतोय. काल फुल अँड फायनलचं, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाचं, विचारायला गेलो तर एचआर म्हणाला की आपल्या पॉलिसीत सोडताना जास्तीत जास्त १५ दिवसांचेच पैसे देतात आणि ते पण बेसिकवर (मूळ पगारावर), बेसिक भागिले ३०. म्हणजे हातात येणार चार-साडेचार हजार. वर म्हणतो नको असेल तर नोटीसमध्ये पीएल लावून घरी बस.

आता मला सांगा, ही रजा मी घेतली नाही कारण दिली नाही. गणपतीत पाच दिवस मिळायचे तेवढे मिळायचे, पण शिमग्याला दोनदा अर्ज केला तर अर्जावर लाल पेनने "शटडाऊन, नॉट सँक्शन्ड" लिहून परत दिला. तो कागद अजून घरी आहे, आईने लाईट बिलांच्या फाईलमध्ये घातलाय. मग या रजेचे पैसे पूर्ण मिळायला नकोत का? कायदा काय आहे नक्की? पॉलिसी म्हणजे कायद्याच्या वर असते का? कोणाला अनुभव असेल तर सांगा, मला भांडण नकोय पण फुकट पण सोडायचं नाहीये.

मालवणी_पोरगो

गणपतीक पाच दिवस दिल्यानी ह्याच खूप समज रे बाबा. आमच्या मॅनेजराक वाटता गणपती दीड दिवसाचोच असता आणि तो पण रविवारी येता.

बाकी माका पण ह्याच विचारूचा होता. मी तारकर्लीक रिसॉर्टात आसय, आमका रजेचो हिशोब म्हणजे मालकाच्या वहीत. थोडक्यात आमका काय मिळता काय ता पण कोणीतरी सांगा.

पगारपत्रक

बी शिफ्ट भाऊ, मी एमआयडीसीत पगाराच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत त्यामुळे दोन्ही बाजू माहिती आहेत. सांगतो, जरा लांब होईल.

पहिलं म्हणजे पॉलिसी कायद्याच्या वर नसते. कायद्यापेक्षा जास्त द्यायचं असेल तर पॉलिसी चालते, कमी द्यायला चालत नाही. कारखान्याला आधी १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट होता, कलम ७९. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, आणि ३० दिवसांपर्यंत पुढे नेता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (नवे कामगार कायदे) लागू झाले, त्यात सेफ्टीवाला जो कोड आहे त्याच्या कलम ३२ मध्ये हीच गोष्ट आली, फक्त २४० च्या जागी १८० दिवस झाले. २० ला एक आणि ३० ची मर्यादा तशीच आहे. आणि दोन्हीकडे स्पष्ट लिहिलंय की कामगाराने नोकरी सोडली, काढला, रिटायर झाला किंवा वारला तरी शिल्लक रजेचा पगार द्यायचा. सोडली असेल तर दुसरा वर्किंग डे संपायच्या आत. १५ दिवसांची मर्यादा कुठेच नाही, ती तुमच्या एचआरने आणली.

दुसरं, जे खूप जण विसरतात आणि एचआर तर आनंदाने विसरतो. चालू वर्षाची रजा. समजा जानेवारीपासून सोडेपर्यंत तुम्ही १७५ दिवस भरले, तर १८० झाले नाहीत म्हणून शून्य असं नसतं. मध्येच सोडलं तर जेवढे दिवस भरले त्याच्यावर २० ला एक या दराने हिशोब होतो. १७५ भागिले २० म्हणजे पावणेनऊ, अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण धरायचा, म्हणजे ९. तुमच्या ३८ मध्ये चालू वर्षाची धरली आहे की नाही ते आधी बघा. काही कंपन्या महिन्याला थोडी थोडी जमा करतात, काही जानेवारीत एकदम टाकतात.

तिसरं, तो लाल पेनवाला कागद. तो फाईलमधून काढून आधी फोटो मारून ठेवा. अर्ज करून नाकारलेली रजा ३० च्या मर्यादेत मोजत नाहीत, ती मर्यादेच्या वर पुढे जाते. एचआर म्हणेल की ३० च्या वरची लॅप्स झाली, म्हणजे बुडाली, तेव्हा हा कागद कामाला येतो. आईला माझा नमस्कार सांगा.

नोटीसमध्ये पीएल लावून घरी बस म्हणतोय ते तुम्हाला सोयीचं असेल तर घ्या, जबरदस्ती नाही. तसं केलंत तर त्या दिवसांचा पूर्ण पगार मिळतो आणि बॅलन्स कमी होतो. हिशोबाने बघाल तर बेसिक भागिले ३० पेक्षा ते फायद्याचं पडतं, हे एचआरच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आता एक सांगा. तुमच्या लेटरवर पोस्ट काय आहे आणि पगाराचं ब्रेकअप काय? त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

लोटे_बी_शिफ्ट

धन्यवाद दादा, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. लेटरवर "शिफ्ट सुपरवायझर" आहे, पण खरं काम म्हणजे रिॲक्टरवर उभं राहायचं, व्हॉल्व्ह बघायचे, रीडिंग लिहायचं, दोन हेल्पर असतात बरोबर एवढंच. कोणाला रजा द्यायचा किंवा मेमो द्यायचा अधिकार मला नाही. पगार २४,००० ग्रॉस. बेसिक ९,०००, बाकी १५,००० मध्ये एचआरए (घरभाडे भत्ता), कन्व्हेयन्स, स्पेशल अलाउन्स वगैरे. डीए (महागाई भत्ता) नावाचं काही नाही. ३८ मध्ये या वर्षाची धरलेली आहे, आमच्याकडे महिन्याला जमा होते.

पगारपत्रक

हां, इथेच सगळी मेख आहे. दिवसांवर भांडण कमी होतं, रेटवर जास्त होतं.

तुमच्या एचआरचा हिशोब, ९,००० भागिले ३०, म्हणजे ३०० रुपये रोज, गुणिले १५, झाले ४,५००. दिवस पूर्ण ३८ धरले आणि रेट हाच ठेवला तरी ११,४०० होतात.

आता जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ८० होतं, त्यात रजेच्या दिवसाचा पगार कसा काढायचा ते लिहिलं होतं. आधीच्या महिन्यात काम केलेल्या दिवसांची पूर्ण कमाई, त्यात डीए धरायचा, ओव्हरटाईम आणि बोनस सोडायचा, त्याची रोजची सरासरी. लक्षात घ्या, "काम केलेल्या दिवसांची", म्हणजे भागायचं ते २६ च्या आसपास, ३० ने नाही. त्या हिशोबाने २४,००० भागिले २६ म्हणजे ९२३ रुपये रोज, ३८ दिवसांचे ३५,०७७. कुठे साडेचार हजार आणि कुठे पस्तीस हजार.

नव्या कोडमध्ये वेजेसची व्याख्या बदलली. बेसिक, डीए आणि रिटेनिंग अलाउन्स (काम बंद असताना माणूस धरून ठेवायला देतात तो भत्ता) हे वेजेस, एचआरए कन्व्हेयन्स वगैरे बाहेर. पण बाहेर काढलेले अलाउन्स एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग परत वेजेसमध्ये मिळवायचा. तुमचं एकूण २४,०००, निम्मे १२,०००, बाहेरचे अलाउन्स १५,०००, म्हणजे ३,००० परत आत. वेजेस झाले १२,०००. त्याला २६ ने भागलं तर ३८ दिवसांचे साडेसतरा हजार होतात. एचआरने कितीही ओढाताण केली तरी बेसिक ९,००० धरणं आता टिकत नाही. भागायला २६ का ३० यावर तो वाद घालेल, तुम्ही २६ वर राहा, कारण महिन्यात चार रविवार तुम्ही कामावर नव्हता आणि पगार कामाच्या दिवसांचा आहे.

सुपरवायझर लिहिलंय त्याची गंमत सांगतो. नव्या कोडमध्ये सुपरवायझरचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० च्या वर वेजेस घेणारा माणूस वर्करमध्ये येत नाही, आणि रजेचं कलम वर्करसाठी आहे. एचआरला हे माहीत असेल तर तो २४,००० दाखवून म्हणेल की तुम्ही वर्करच नाही, पॉलिसीप्रमाणेच घ्या. तेव्हा दोन गोष्टी सांगायच्या. एक, नुसत्या पदनामावर काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करतो ते बघतात, आणि तुम्ही व्हॉल्व्ह फिरवता. दोन, १८,००० हे वेजेस म्हणून मोजायचे आणि तुमचे वेजेस आत्ताच काढले ते १२,००० आहेत. पीएफ वाचवायला बेसिक पाडून ठेवलं त्यांनीच, आता तेच आकडे तुमच्या बाजूने आले.

चिपळूण_बाजारपेठ

पगारपत्रक साहेब सगळं बरोबर सांगतायत पण मी जरा प्रॅक्टिकल बोलतो, राग मानू नका. लोट्यात सगळे एचआर एकमेकांना ओळखतात, एकाच चहाच्या टपरीवर असतात. रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटर हातात पडेपर्यंत आवाज चढवू नका. आमच्या मेव्हण्याने शेवटच्या दिवशी केबिनमध्ये जाऊन कलमं वाचून दाखवली, मग नो ड्यूज (काही देणं बाकी नाही) फॉर्मवर स्टोअरची सही मिळेना, सेफ्टी शूज परत केल्याची नोंद सापडेना, असं करत दोन महिने फिरवलं. नवीन कंपनीने त्याला तोंडी घेतला म्हणून बरं.

आणि नो ड्यूजच्या कागदात एक ओळ असते, "माझे कंपनीकडून सर्व येणे मिळाले, कोणतीही तक्रार नाही". ती ओळ असेल तर पैसे मिळायच्या आधी सही करू नका, किंवा खाली हाताने "रजेच्या रकमेचा हिशोब बाकी" असं लिहून मग सही करा. बस एवढं केलंत तर पुढे तीन वर्षं वेळ आहे म्हणतात दावा करायला.

पगारपत्रक

तीन वर्षं बरोबर, वेज कोडमध्ये क्लेम करायला तीन वर्षं दिली आहेत, आधीच्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये एकच वर्ष होतं. आणि बाजारपेठ भाऊंचं म्हणणं मला पटतं, भांडायला जायचंच नाही. लेखी विचारायचं एवढंच. ईमेल करा, त्यात फक्त हिशोब मागा. किती दिवस धरले, कोणत्या रकमेवर धरले, कितीने भागलं. कलम बिलम काही लिहू नका पहिल्या मेलमध्ये. निम्मे एचआर हिशोब लेखी द्यायची वेळ आली की आपोआप नीट करतात, कारण उद्या कोणी दाखवलं तर त्यांचीच सही असते त्याच्यावर.

पोर्टलचा लॉगिन शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो, बऱ्याच ठिकाणी दुपारीच होतो. मागच्या सगळ्या स्लिपा, लीव्ह बॅलन्सचं पान, अपॉइंटमेंट लेटर, सगळं आजच उतरवून स्वतःच्या मेलवर पाठवा. हे आधी.

तरी नाहीच दिले तर रत्नागिरीला कामगार खात्याचं ऑफिस आहे, सहाय्यक कामगार आयुक्तांकडे साधा अर्ज द्यायचा, वकील लागत नाही. बहुतेक वेळा तिथून कंपनीला एक पत्र आलं की चेक निघतो. सहा वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी पण आहे हे धरून चला, ती वेगळी, ३० दिवसांत द्यायची असते, रजेच्या पैशात मिसळून दाखवत असतील तर वेगळं करून मागा.

रिटायर्ड_कॅशियर

मुलांनो टॅक्सचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या पैशाला इन्कम टॅक्समध्ये सूट असते, १९६१ च्या कायद्यात कलम १०(१०एए), आणि ती राजीनामा दिला तरी मिळते, रिटायरच व्हायला पाहिजे असं नाही. सरकारी नोकराला सगळी रक्कम माफ. आपल्यासारख्यांना, म्हणजे खाजगीवाले, बँकवाले, महामंडळवाले सगळे आले, चार आकड्यांतला जो सगळ्यात कमी असेल तेवढीच माफ. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, दहा महिन्यांचा सरासरी पगार, शिल्लक रजेची किंमत ज्यात नोकरीच्या पूर्ण वर्षामागे ३० दिवसांच्या वर धरत नाहीत, आणि २५ लाख. हे २५ लाख १ एप्रिल २०२३ पासून झाले, त्याच्या आधी कित्येक वर्षं ३ लाखच होते. आमची बॅच त्याच्या आदल्या वर्षी बाहेर पडली, ३ लाखांच्या वरच्या सगळ्यावर टॅक्स कापला गेला, आणि आमच्या मागून वर्षभराने सुटलेले लोक पूर्ण रक्कम घेऊन गेले. अजून पेन्शनर कट्ट्यावर हा विषय निघाला की चहा गार होतो.

इथे पगार म्हणजे बेसिक आणि डीए, ग्रॉस नव्हे, हे लक्षात ठेवा. आणि २५ लाख ही आयुष्यभराची मर्यादा आहे, एका कंपनीत वापरली तेवढी पुढच्या कंपनीत कमी होते. नोकरीत असताना दरवर्षी रजा विकली तर मात्र ती पूर्ण टॅक्सेबल, तिथे ही सूट नाही. टॅक्सचं नवीन रिजीम घेतलं तरी ही सूट राहते, ते एक बरं केलंय. माणूस नोकरीत असताना वारला आणि रजेचे पैसे घरच्यांना मिळाले तर त्यावर टॅक्स नाही.

चिपळूण_बाजारपेठ

काका माहिती एक नंबर, पण २४ हजार पगारवाल्याला तसाही टॅक्स कुठे बसतोय 😄

रिटायर्ड_कॅशियर

बसत नाही हे खरं. पण टीडीएस (पैसे देतानाच आधी कापलेला टॅक्स) कापून ठेवतात आणि मग रिटर्न भरून परत मागायचा उद्योग पोराच्या गळ्यात पडतो, म्हणून लिहिलं. आणि वाचणारा तो एकटाच नाही. पीएफ पण कापून देऊ नका त्या रकमेतून, रजेच्या पैशावर पीएफ नाही हे सुप्रीम कोर्टाने २००८ सालीच सांगितलंय.

मालवणी_पोरगो

माझा रवला मंडळी.

पगारपत्रक

राहिलं नाही, येतच होतो. रिसॉर्ट, हॉटेल, दुकान, ऑफिस यांना महाराष्ट्राचा २०१७ चा शॉप ॲक्ट लागतो, फॅक्टरीचा नाही. त्यात वर्षाला ८ कॅज्युअल, त्या वर्षाअखेरीला बुडतात, त्यांचे पैसे नाहीत. २४० दिवस भरले की २० ला एक या हिशोबाने अर्न्ड लीव्ह, ती ४५ दिवसांपर्यंत साठते, आणि अर्ज करून नाकारल्यामुळे ४५ च्या वर गेली तर वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क आहे. अडचण अशी की २०२५ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा २० किंवा जास्त कामगार असतील तिथेच लागतो, आधी १० ला लागायचा. तुमच्या रिसॉर्टात किती जण आहेत? सीझनला घेतलेली पोरं, किचन, बोटवाले धरून मोजा, आणि हजेरी नुसती मालकाच्या वहीत नको, तुमच्या मोबाईलमध्ये पण दर महिन्याला त्या पानाचा फोटो असू दे.

मालवणी_पोरगो

मे महिन्यात पंचवीस, पावसात आम्ही चौघा आणि एक कुत्रो. बोटवाले तर मालकाचे नाय, ते भाड्यान येतत.

पगारपत्रक

मग बोटवाले धरू नका, आणि पावसातल्या आकड्यावर मालक बोट ठेवणार हे नक्की. तुम्हाला कायद्यापेक्षा लेखी करार उपयोगी पडेल. सीझन सुरू व्हायच्या आधी, म्हणजे त्याला माणसांची गरज असते तेव्हा, साध्या कागदावर रजेचे दिवस आणि सोडताना पैसे देणार एवढं लिहून सही घ्या. सीझनच्या तोंडावर मागाल तर मिळेल, जुलैत मागाल तर कुत्र्यावर भागवतील.

खेड_स्टेशन

कॉन्ट्रॅक्टरकडे असलेल्यांचं काय? माझा भाऊ त्याच लोट्यात ठेकेदाराकडे आहे, दर ११ महिन्यांनी नवीन कार्ड देतात आणि रजा परत शून्यापासून.

पगारपत्रक

रजेचे पैसे द्यायची जबाबदारी ठेकेदाराची, त्याने नाही दिले तर मूळ कंपनीवर येते, पगाराच्या बाबतीत हे जुन्या कायद्यात पण होतं आणि नव्यात पण आहे. ११ महिन्यांचं म्हणाल तर कार्ड बदललं तरी हरकत नाही, प्रत्येक वेळी जुनं कार्ड बंद करताना त्या काळातल्या रजेचे पैसे चुकते व्हायला हवेत. ते न करता शून्य करतात तिथे खरी चोरी आहे. भावाकडे जुनी कार्डं असतील तर टाकून देऊ देऊ नका. पीएफचं पासबुक काढून ठेवा, त्यात कुठल्या महिन्यात कोणत्या नावाने पैसे भरले ते दिसतं, सलग काम केल्याचा तो चांगला पुरावा होतो.

लोटे_बी_शिफ्ट

मंडळी अपडेट. स्लिपा सगळ्या उतरवल्या, लाल पेनवाल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. मेल केला काल. आज एचआरने फोन करून बोलावलं, आवाज वेगळाच होता, म्हणाला अरे मेल कशाला करायचा, आपण घरचे आहोत. १५ चं त्याने सोडलंय, ३० दिवस देतो म्हणाला, वरचे ८ लॅप्स, आणि रेट बेसिकवरच. मी म्हटलं सर लेखी हिशोब द्या मग बघतो. तर म्हणाला हेड ऑफिसला विचारून सांगतो. पुढचा मेल काय लिहू? रागाने लिहायचं नाहीये, बाजारपेठ भाऊंचं ऐकतोय.

पगारपत्रक

छान चाललंय, ३० वर आला म्हणजे पॉलिसीची गोष्ट संपली. आता असा पाठवा, जसाच्या तसा चालेल:

"आज झालेल्या बोलण्यानुसार ३० दिवसांच्या रजेचा पगार देण्याचे आपण मान्य केले, त्याबद्दल आभारी आहे. उरलेल्या ८ दिवसांबाबत, मी शिमग्याच्या वेळी दोनदा रजेचा अर्ज केला होता व तो शटडाऊनच्या कारणाने नामंजूर झाला, त्याची प्रत सोबत जोडत आहे. नामंजूर झालेली रजा लॅप्स धरू नये ही विनंती. तसेच दररोजचा दर काढताना मूळ वेतन ९,००० धरले आहे की नवीन वेतन व्याख्येनुसार १२,०००, आणि भागाकार २६ ने की ३० ने, हे कृपया लेखी कळवावे. माझा शेवटचा दिवस ३१ तारीख आहे."

सीसीमध्ये प्लांट मॅनेजरला टाका, त्याच्याशी बरं असेल तर. फोनवर काही मान्य करू नका, "सर मेलवर टाका ना" एवढंच म्हणत राहा. कागदाची मूळ प्रत कोणाला देऊ नका, झेरॉक्सच द्या.

चिपळूण_बाजारपेठ

आणि सेफ्टी शूज परत केल्याची पावती आत्ताच घेऊन ठेव रे बाबा.